पॉइंट टू-टू रायफलचा ट्यूनर कसा जुळवावा आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी

बेंचवर (पक्क्या टेबलावर) टेकवून ५० मीटरवर झाडलेल्या पॉइंट टू-टू (.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलची अचूकता नेमकी कशाने वाढते, यावर नेमबाज आणि गनस्मिथ यांच्यात अनेक दशके वाद चालू आहे. या वादाच्या मध्यभागी बॅरलच्या तोंडाशी बसवलेले, पुढे-मागे फिरवता येणारे एक लहानसे वजन आहे. त्याला ट्यूनर म्हणतात. एक पक्ष म्हणतो की ट्यूनरशिवाय स्पर्धेत उतरणे व्यर्थ आहे. दुसरा म्हणतो की ट्यूनर फिरवून मिळालेला ‘चमत्कारिक’ ग्रुप (लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका) हा निव्वळ योगायोग असतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीची गोष्ट मोजत असल्यामुळे हा वाद मिटत नाही. ग्रुपचा आकार मोजून ट्यूनरचा निवाडा करणे जवळजवळ अशक्य आहे. गोळीचा वेग आणि तिची लक्ष्यावरील उंची यांचे नाते मोजले, तर तोच निवाडा एका सकाळी होऊ शकतो. ते कसे करावे आणि त्याआधी काय काय सिद्ध करून ठेवावे, हे येथे नागपूरच्या हवामानाचा आणि आपल्या कायद्याचा विचार करून मांडले आहे.

बेंचरेस्ट, म्हणजे रायफल बेंचवर टेकवून केलेली नेमबाजी, हा प्रकार आपल्याकडे विरळाच आहे. आपले बहुतेक रायफल नेमबाज एनसीसीत किंवा एखाद्या क्लबात पहिली पॉइंट टू-टू हाती घेतात आणि पुढे ५० मीटर प्रोन (पालथे पडून) किंवा थ्री पोझिशनकडे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) वळतात. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो ५० मीटर थ्री पोझिशनचा प्रकार याच काडतुसावर आणि याच अंतरावर खेळला जातो. बेंचरेस्टमध्ये मात्र माणसाच्या शरीराचा हलतेपणा शक्य तितका काढून टाकलेला असतो आणि रायफल, काडतूस व वारा यांचीच कसोटी लागते. या खेळाच्या जागतिक महासंघाच्या ५० मीटरच्या लक्ष्यपत्रावर २५ वर्तुळे असतात, प्रत्येकावर एकच गुणांकित गोळी झाडायची असते आणि कमाल गुण २५० असतात. आपण बेंचरेस्ट स्पर्धा खेळत नसलात, तरी प्रोनची रायफल बेंचवर तपासून घेण्यासाठी पुढची सारी पद्धत तशीच उपयोगी पडते.

वाद नेमका कशाचा आहे

गोळी सुटताना बॅरल स्थिर नसते. फायरिंग पिनचा आघात, वायूचा दाब आणि रायफलचा मागे येणारा धक्का यांमुळे ती टेबलाच्या कडेवर दाबून धरलेल्या पट्टीसारखी कंप पावते आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिचे तोंड किंचित वर, किंचित खाली किंवा मधल्या कुठल्यातरी दिशेला झुकलेले असते. हे ज्ञान नवे नाही. रायफलच्या बॅरलच्या कंपनांवर ए. मॅलॉक यांचा शोधनिबंध १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला होता. त्याच काळातल्या ली-एनफिल्ड रायफलींबद्दल सैनिकी नेमबाजांना असेही आढळले होते की जवळच्या अंतरावर साधारण वाटणारी रायफल ८००–१,००० यार्डांवर अपेक्षेपेक्षा चांगला ग्रुप देते. त्याचे स्पष्टीकरण असे की बॅरलचे तोंड वर चढत असताना गोळ्या सुटतात. मंद गोळी बॅरलमधून थोडी उशिरा निघते, तोवर तोंड आणखी वर उचललेले असते आणि मंद गोळीचे जास्तीचे खाली पडणे त्या वाढीव कोनाने भरून निघते. यालाच पॉझिटिव्ह कॉम्पेन्सेशन म्हणतात. आपण येथे त्याला भरपाई म्हणू.

पॉइंट टू-टूच्या बाबतीत ही भरपाई किती लागते, हे कागदावर काढून पाहणे उपयोगाचे आहे. स्पर्धेच्या काडतुसातील ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी साधारण ३२७ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते आणि ५० मीटरपर्यंत पोहोचताना गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटर प्रति सेकंदाने कमी झाला, तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली पडते. चांगल्या लॉटमध्येही, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांतही, वीस गोळ्यांतील सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत आठ-दहा मीटर प्रति सेकंदाचा फरक सहज सापडतो. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि आतल्या दहाचा ५ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सात मिलिमीटरचे मोल कळते.

आता वाद. अमेरिकेतील बिल कॅल्फी या गनस्मिथांनी अशी भूमिका हिरिरीने मांडली की बॅरलच्या तोंडापुढे योग्य वजन योग्य ठिकाणी ठेवले की कंपनाचा स्थिर बिंदू थेट तोंडाशी आणता येतो, तोंड जणू थांबते आणि गोळी कधीही सुटली तरी एकाच दिशेने जाते. स्कॉटलंडमधील बॅरल-निर्माते जेफ्री कोल्बे यांची मांडणी याच्या उलट आहे: तोंड थांबत नाही, थांबण्याची गरजही नाही, ट्यूनर कंपनाचा वेग आणि वेळ बदलतो आणि तोंड वर चढत असतानाच्या योग्य क्षणाशी गोळीची सुटका जुळवतो. तिसरी बाजू संशयवाद्यांची आहे. बॅलिस्टिक्सचे अभ्यासक ब्रायन लिट्झ यांनी सेंटरफायर रायफलींवर (ज्यांच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी पिन आपटते) अनेक ट्यूनर तपासले, तेव्हा त्यांना पुन्हा-पुन्हा हाती येईल असा फरक दिसला नाही. मात्र सेंटरफायरची गोळी कितीतरी वेगवान असते आणि बॅरलमधून फार लवकर निघून जाते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा पॉइंट टू-टूला लावणे मला घाईचे वाटते.

यातल्या पहिल्या दोन मतांचा निवाडा करण्याची एक सोपी युक्ती आहे, तिचा वापर फारसा होत नाही याचे मला नवल वाटते. तोंड खरोखर थांबत असेल, तर ट्यूनरची एकच खूण (फिरवून ठेवण्याची ठरावीक जागा) २५, ५० आणि १०० मीटरवर सारखीच उत्तम ठरली पाहिजे. उलट भरपाईचे मत खरे असेल, तर लागणारा कोन अंतराबरोबर वाढतो, कारण गोळीचे पडणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ५० मीटरला अचूक जुळलेली खूण २५ मीटरला गरजेहून जास्त भरपाई करील आणि १०० मीटरला अपुरी पडेल. मी स्वतः भरपाईच्या बाजूचा आहे.

हत्याराला हात लावण्यापूर्वी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मिती, विक्री, दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी या कामांना स्वतंत्र परवाना लागतो आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करता येत नाही. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत शंभरातला एक मिलिमीटर पकडणारे लेथवाले आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही, पण आपली बॅरल त्यांच्या लेथवर चढवणे हा गुन्हा ठरू शकतो, मग काम क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) पुन्हा कापण्याचे असो किंवा ट्यूनरसाठी आटे पाडण्याचे. असे काम परवानाधारक गनस्मिथाकडूनच करून घ्यावे आणि त्याची पावती जपावी. जास्तीची बॅरल मागवायची असेल, तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात, लेखी विचारणा करावी. विंड फ्लॅगचे स्टँड, रेस्टखालची ॲल्युमिनियमची पाटी, लक्ष्याची चौकट, या वस्तू मात्र हिंगण्यात निर्धास्तपणे करून घ्याव्यात. त्या आयात मालापेक्षा स्वस्त पडतात आणि पुष्कळदा अधिक मजबूतही निघतात.

म्हणूनच पहिला ट्यूनर आटे न लागणारा, बॅरलवर सरकवून आवळायचा घ्यावा, असे मी सुचवीन. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याचे आतले भोक बॅरलच्या बाह्य व्यासाशी नेमके जुळले पाहिजे आणि आवळण्याचे स्क्रू एका बिंदूवर दाब देणारे नसावेत, तर सगळ्या परिघावर सारखा दाब देणारे असावेत. पॉइंट टू-टूची बॅरल तोंडाशी जरा जरी दबली, तरी आतल्या नळीत आकुंचन होते. ते अगदी तोंडाशी असेल तर कदाचित निभावते, पण त्यापुढे नळी पुन्हा सैल असेल, तर शिशाची मऊ गोळी एकदा चेपली जाऊन पुढे सैलपणे घरंगळते आणि अचूकता पार जाते. दुसरे, ट्यूनर तोंडापुढे येत असेल तर त्याचे पुढचे भोक गोळीच्या मार्गाशी एकमध्य आहे, हे रिकाम्या, बोल्ट काढलेल्या रायफलमध्ये मागून पाहून खात्री करावी. ट्यूनर फिरवताना बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) सेफ्टी फ्लॅग आणि तोंड लक्ष्याकडे, हा नियम शंभरदा सवयीचा झाला तरी मोडू नये. हात कडेने ट्यूनरवर जावा, तोंडासमोरून कधीही नाही.

प्रोन आणि थ्री पोझिशन खेळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर यांना रायफलीवर बंदी आहे. ट्यूनरमधून वायू बाजूला सोडणारी छिद्रे असतील, तर तो बाद होणारच. बॅरलवरच्या वजनाच्या आकारालाही मर्यादा आहेत, म्हणून स्पर्धेपूर्वी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये तो दाखवून घ्यावा.

रायफल आधी गप्प करावी

ट्यूनर ही शेवटची पायरी आहे. ज्या रायफलीचा ॲक्शन स्क्रू (बोल्टचा भाग दस्त्याला जोडणारा) सैल आहे, बेडिंग (त्या भागाची दस्त्यातली बैठक) उठले आहे किंवा स्कोपच्या रिंगा हलतात, तिच्यावर ट्यूनर फिरवणे म्हणजे दारूगोळा मातीत घालणे. ॲक्शन स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि तो आकडा वहीत लिहावा, कारण पुढे स्क्रूचा ताण बदलला की ट्यूनरची खूणही बदलते. स्कोपचा पॅरॅलॅक्स ५० मीटरला जुळवावा. बहुतेक शिकारी स्कोप मुळात १०० यार्डांना जुळवलेले असतात. डोके जरा हलले की त्यांची तार लक्ष्यावरून सरकते आणि तो दोष बिचाऱ्या बॅरलच्या माथी मारला जातो.

बेंच सिमेंटचा आणि जमिनीत पक्का असावा. पुढच्या रेस्टवर रायफलचा पुढचा भाग आणि मागच्या सँडबॅगमध्ये बट प्रत्येक गोळीला त्याच जागी बसला पाहिजे. रेस्टला स्टॉप असेल तर रायफल प्रत्येक वेळी त्याला हलकेच टेकवावी. गाल, खांदा आणि अंगठ्याचा दाब सारखाच ठेवावा किंवा अजिबात ठेवू नये. अर्धवट दाब सर्वांत वाईट.

सफाईबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावरचे वाद न संपणारे आहेत. चेंबरच्या पुढे कार्बनचे कडे साचते, ते काढलेच पाहिजे. बाकी नळी फार घासण्यात अर्थ नाही. बोअर गाइड वापरावा, रॉड चेंबरकडून तोंडाकडे जावा. सफाईनंतर आणि काडतुसाचा ब्रँड बदलल्यावर दहा-पंधरा गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण नळीत नव्या वंगणाचा थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात.

लॉट

पॉइंट टू-टूचे काडतूस रिमफायर, म्हणजे पिन ज्याच्या रिमवर (कडेवर) आपटते असे असते आणि ते घरी भरता येत नाही. जे कारखान्यातून येते तेच झाडायचे. म्हणून युरोप-अमेरिकेतले गंभीर नेमबाज एली टेनेक्स, लापुआ सेंटर-एक्स, मिडास प्लस, आरडब्ल्यूएस आर-५० अशा काडतुसांचे अनेक लॉट आपल्याच रायफलमधून झाडून पाहतात आणि जो बसला तो पेट्याच्या पेट्या उचलतात. आपल्याकडे आयातीच्या आणि कोट्याच्या मर्यादेत जो लॉट हाती येतो, त्यातच वर्ष काढावे लागते. मला वाटते, याच कारणाने ट्यूनरचे महत्त्व आपल्यासाठी त्यांच्याहून अधिक आहे: त्यांना रायफलीला लॉट जुळवता येतो, आपल्याला लॉटला रायफल जुळवावी लागते. तरीही दोन-तीन लॉट मिळण्याची सोय असेल, तर ट्यूनर न लावता प्रत्येकाच्या चाळीस-चाळीस गोळ्या आलटून-पालटून झाडाव्यात. ज्याचा आडवा फैलाव कमी आहे तो निवडावा, कारण उभा फैलाव ट्यूनर काही अंशी कमी करू शकतो. आडव्याला तो हात लावू शकत नाही. निवडलेल्या लॉटचा क्रमांक वहीत आणि पेटीवर, दोन्हीकडे लिहून ठेवावा.

ग्रुपचा आकार का फसवतो

ही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार, रायफलीत काहीही न बदलता, एका ग्रुपपासून दुसऱ्यापर्यंत प्रचंड बदलतो; त्याचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या फैलावाचे माप) सरासरीच्या पाव भागाहून थोडे जास्त असते. समजा आपल्या रायफलीचा सरासरी ग्रुप १२ मिलिमीटर आहे. ट्यूनरला हातही न लावता वीस ग्रुप झाडले, तर त्यातला सर्वांत लहान सुमारे ७ मिलिमीटरचा आणि सर्वांत मोठा सुमारे १७–१८ मिलिमीटरचा निघणे अगदी स्वाभाविक आहे. आता हेच वीस ग्रुप वीस वेगवेगळ्या खुणांवर झाडले असते, तर सात मिलिमीटरची खूण ‘सापडली’ म्हणून आपण मित्रांना मिठाई वाटली असती. ट्यूनरबद्दलच्या बहुतेक कथा अशाच जन्मतात.

गोळ्या वाढवल्या तरी पेच पूर्ण सुटत नाही. दोन खुणांवर प्रत्येकी वीस गोळ्या झाडून उभ्या फैलावाचे प्रमाण विचलन काढले, तर त्यांच्यात जवळजवळ १.६ पटीचा फरक असेल तेव्हाच तो विश्वासाने खरा मानता येतो. आता ट्यूनरकडून जास्तीत जास्त किती मिळू शकते, ते पाहा. वेगातल्या चढउताराचे प्रमाण विचलन २.५ मीटर प्रति सेकंद धरले, तर ५० मीटरला त्यामुळे होणारे उभे विचलन सुमारे १.७५ मिलिमीटर येते. गोळीचा असमतोल, वारा, नेम या इतर कारणांचे उभे विचलन २.५ मिलिमीटर धरले, तर दोन्ही मिळून सुमारे ३.०५ होते. ट्यूनरने भरपाई अगदी अचूक जुळवली तरी ते ३.०५ वरून २.५ वर येईल, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांची घट. स्पर्धेत एवढ्या घटीने पदकाचा रंग बदलतो, पण चाळीस-चाळीस गोळ्यांच्या ग्रुपांतही ती खात्रीने दिसत नाही. म्हणजे ट्यूनर खरोखर काम करत असला तरी ग्रुप पाहणाऱ्याला ते सिद्ध करता येत नाही आणि करत नसला तरी ग्रुप पाहणाऱ्याला तो करतो असे वाटत राहते.

वेग आणि उंची

यातून सुटण्याचा मार्ग क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, आहे. प्रत्येक गोळीचा वेग आणि तिच्या छिद्राची नेमबिंदूपासूनची उंची अशी जोडी लिहायची. वारा किंवा नेमातली चूक वेगाला धरून होत नाही, म्हणून ती या नात्यात केवळ गोंगाट म्हणून येते आणि चाळीस जोड्यांत बरीचशी विरून जाते. क्रोनोग्राफ मात्र बॅरलला बांधायचा नसावा. तोंडाखाली पट्ट्याने अडकवण्याचा संगिनीसारखा प्रकार मिळतो, पण तो स्वतःच एक वजन असल्यामुळे आपण जे मोजायला निघालो तेच बदलून टाकतो. बेंचवर शेजारी ठेवायचा रडार प्रकारचा क्रोनोग्राफ उत्तम. क्लबात एक असला तरी सर्वांना पुरतो.

लक्ष्यपत्रावर एका वर्तुळावर एकच गोळी झाडावी, म्हणजे प्रत्येक छिद्र कोणत्या वेगाचे हे चुकत नाही. ट्यूनर पूर्ण मागे घेऊन चाळीस गोळ्या झाडाव्यात. घरी येऊन आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर उंची मांडावी किंवा मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये कल काढावा. भरपाई मुळीच होत नसेल, तर प्रत्येक १ मीटर प्रति सेकंद वेगामागे गोळी सुमारे ०.७ मिलिमीटर वर लागते, म्हणजे रेषा डावीकडून उजवीकडे चढते. भरपाई पूर्ण असेल तर रेषा सपाट होते. भरपाई गरजेहून जास्त असेल तर मंद गोळ्या वेगवान गोळ्यांच्या वर लागू लागतात आणि रेषा उजवीकडे उतरते. वर धरलेल्या आकड्यांनुसार चाळीस गोळ्यांतून येणाऱ्या कलाची अनिश्चितता ०.१६ च्या आसपास असते, त्यामुळे ०.७ आणि शून्य यांतला भेद स्पष्ट कळतो. जो फरक ग्रुपात दिसतच नव्हता, तो येथे लपू शकत नाही.

यानंतर ट्यूनर अर्धा फेरा पुढे काढून पुन्हा तेच करावे. प्रत्येक खुणेला चाळीस गोळ्या परवडत नसतील, तर आधी दहा-बारा खुणांवर पाच-पाच गोळ्या झाडून छिद्रांची सरासरी उंची कशी बदलते, एवढेच पाहावे. तोंडाचा कोन बदलत गेल्याने ती सरासरी हळूहळू वर-खाली सरकते आणि हे सरकणे लहरीसारखे नियमित दिसले, तर ट्यूनरचा परिणाम बॅरलपर्यंत पोहोचतो आहे एवढे नक्की कळते. मग चढाच्या भागातल्या दोन खुणा आणि मुद्दाम एक वाईट वाटणारी खूण अशा तीन निवडून त्यांवरच क्रोनोग्राफ लावावा. वाईट खूण का, असे कोणी विचारील; तिच्यावरही चांगल्या खुणांसारखाच कल आला, तर आपला शोध भ्रम होता हे वेळेत कळते.

या अंतिम फेरीत ट्यूनर फिरवण्याचे काम मित्राकडे द्यावे आणि कोणती खूण लागली आहे हे झाडणाऱ्याने पाहू नये. प्रत्येक खुणेच्या पाच गोळ्या, मग पुढची खूण, असा क्रम फिरता ठेवावा, म्हणजे सकाळ चढत जाताना वाढणारे ऊन आणि वारा तिन्ही खुणांना सारखे वाट्याला येतात. खूण नेहमी एकाच दिशेने फिरवत गाठावी, नाहीतर आट्यांतली ढिलाई घोळ घालते. शेवटी सपाट रेषेची खूण लॉक करून बॅरल आणि ट्यूनर दोहोंवर बारीक रेघ मारावी.

नागपूरचे ऊन

वरचे सारे काम कोणत्या महिन्यात केले, हे आपल्याकडे फार महत्त्वाचे ठरते. जानेवारीच्या पहाटे येथे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळिसाच्या घरात. उष्णतेत काडतुसाचा वेग वाढतो, वंगणाचे मेण मऊ पडते आणि बॅरलमधून गोळी लवकर निघते. साहजिकच भरपाईची वेळ सरकते. ध्वनीचा वेगही दहा अंशांना ३३७ तर पंचेचाळीस अंशांना ३५८ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे गोळी ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाण्याचा धोका येथे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त. म्हणून एकच खूण वर्षभर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात एक अशा दोन खुणा काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे तापमान लिहावे.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेआठ एवढाच काळ चाचणीला योग्य असतो. त्यानंतर जमिनीवरून उठणाऱ्या मिराजमध्ये (तापलेल्या हवेच्या लहरींत) वर्तुळ पोहू लागते आणि उंचीची मोजणी विश्वासार्ह राहत नाही. शिवाय लू सुटली की फ्लॅग सांगतो एक आणि गोळी जाते भलतीकडे. काडतुसांची पेटी बेंचवर उन्हात ठेवू नये, उभ्या गाडीत तर मुळीच नाही. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फ न घालता, सावलीत ठेवावी आणि त्यातून एका वेळी पाचच काढाव्यात. चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट पाहत बसणे टाळावे, कारण तापलेल्या चेंबरमध्ये अर्धा मिनिट पडलेली गोळी तिच्या शेजारणीहून वेगळ्या वेगाने सुटते. हे पटत नसेल तर क्रोनोग्राफवर एकदा पाहावे.

गनस्मिथाकडे काय मागावे

ट्यूनरने रेषा सपाट झाली, तरी आडवा फैलाव मोठाच राहिला, तर दोष बॅरल, चेंबर, क्राउन किंवा इग्निशनमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या आघातात) शोधावा लागतो. कमी खर्चाचे आधी करावे. फायरिंग पिनचे टोक झिजले आहे का, ती काडतुसाच्या रिमवर नेमकी कोठे आणि किती खोल आघात करते, स्प्रिंग थकली आहे का, हे तपासून घ्यावे. वेगातला चढउतार पुष्कळदा दारूचा नसून आघाताचा असतो, आणि ज्या मतांवर कॅल्फी यांच्या विरोधकांचेही एकमत आहे त्यांत हे पहिले आहे. मग क्राउन भिंगाखाली पाहावा. त्यावर ओरखडा असेल तर तो पुन्हा कापून घेणे हा लहान खर्चात मिळणारा मोठा लाभ असतो.

गनस्मिथ बॅरलमधून शिशाचा गोळा हाताने ढकलून नळी कुठे घट्ट आणि कुठे सैल लागते हे पाहतो. तोंडाशी घट्ट, मागे किंचित सैल अशी नळी सर्वांना हवी असते. मध्येच सैल पट्टा लागला तर तोंड त्याच्या मागे घट्ट जागी आणून कापावे, असा सल्ला मिळू शकतो. तो सल्ला चुकीचा नाही, पण कापलेली बॅरल परत लांब होत नाही आणि कापणे कायद्यानेही परवान्याचे काम आहे, तेव्हा ट्यूनरची आणि लॉटची सगळी मोजणी संपल्याशिवाय त्याला होकार देऊ नये. वेगाच्या दृष्टीने लांबीची चिंता नको: या काडतुसातली दारू पहिल्या ४० सेंटिमीटरांच्या आसपास आपले बहुतेक काम संपवते. मात्र बॅरलची लांबी बदलली की तिचे कंपन बदलते आणि ट्यूनरची जुनी खूण निरुपयोगी होते, हे कापण्याआधीच मान्य करून घ्यावे.

बॅरल ॲक्शनमध्ये थोडी-थोडी फिरवून ‘उत्तम दिशा’ शोधण्याची, म्हणजे इंडेक्सिंगची, शिफारसही काही जण करतात. मी ती करणार नाही. प्रत्येक दिशेला खरा फरक सिद्ध करायला जितकी काडतुसे लागतील, तितक्यांत आपल्या वाट्याचा वर्षाचा दारूगोळा संपेल.

गनस्मिथाकडे रायफल देताना केवळ ‘ग्रुप मोठा येतो’ असे सांगू नये. वेग-उंचीचा आलेख, आडव्या आणि उभ्या फैलावाचे आकडे, लॉटचा क्रमांक, स्क्रूचा टॉर्क आणि चाचणीच्या वेळचे तापमान एका कागदावर लिहून द्यावे आणि काम झाल्यावर त्याच लॉटच्या राखून ठेवलेल्या चाळीस गोळ्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी. त्यासाठी काम देण्यापूर्वीच एक पेटी बाजूला काढून, तिच्यावर तारीख घालून, कपाटात थंड जागी ठेवलेली बरी.